सोलापूरहून पहिल्या क्रूझची तयारी

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी सविस्तर विचारले आहे. घरात सहा माणसे: त्या आणि त्यांचे यजमान, बारा आणि सात वर्षांची मुले, सासू-सासरे. सासऱ्यांना मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. सगळे शाकाहारी. समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याला, तोही काठावरून. मुंबईहून गोव्याची क्रूझ करावी की एकदम सिंगापूरची? कोणत्या महिन्यात? जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा खरा खर्च किती? आणि बोट लागली तर काय करायचे?

ताई, मी बरीच वर्षे सोलापुरातून लोकांच्या क्रूझ आखतो, ज्येष्ठांचे गट घेऊन स्वतःही जातो. माझे ठाम मत असे की क्रूझ बिघडते ती बहुतेक वेळा जमिनीवर. समुद्र क्वचितच दगा देतो. गाडी उशिरा पोहोचते, पासपोर्टावर आडनाव नसते, औषधांची पिशवी मोठ्या बॅगेत जाते, केबिन नाचगाण्याच्या हॉलखाली येते. जहाज मोठे की लहान यावर लोक महिनाभर चर्चा करतात आणि या गोष्टी शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. म्हणून मी उत्तरही त्याच क्रमाने देतो.

आधी तुमचा मुख्य प्रश्न. पहिली सफर मुंबईहून करा, दोन किंवा तीन रात्रींची. आधार कार्डावर जाता येते, व्हिसाची भानगड नाही, आणि सासऱ्यांना समुद्र मानवतो की नाही हे कमी खर्चात कळते. सध्या मुंबईहून नियमित फिरणारे जहाज म्हणजे कॉर्डेलिया कंपनीचे एम्प्रेस. ते १९९० मध्ये बांधलेले आहे, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडे होते आणि २०२१ पासून भारतात चालते. लांबी सुमारे २१० मीटर. सिंगापूरहून चालणारे जेंटिंग ड्रीम ३३५ मीटर लांब आहे. मोठे जहाज कमी हलते, हे खरे. पण पहिल्यांदा जाणाऱ्या घराला छोट्या जहाजाचा एक फायदा असतो: सासूबाईंना केबिनपासून जेवणाच्या हॉलपर्यंत पाऊण फर्लांग चालावे लागत नाही. घरातल्या सगळ्यांचे पासपोर्ट तयार असतील आणि यजमानांना रजा एकदाच मिळणार असेल, तरच एकदम सिंगापूरचा विचार करा.

बुक करताना मार्ग नीट वाचा. काही शनिवार-रविवारच्या सफरींत जहाज कुठल्याच बंदराला लागत नाही, समुद्रात फिरून मुंबईला परत येते. तरुणांना ते आवडते. तुमच्यासाठी गोव्याला लागणारी आणि शक्यतो आठवड्याच्या मधल्या वारी सुटणारी सफर पाहा. शनिवार-रविवारी डेकवर रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात, गर्दी वेगळी असते. ३१ डिसेंबरच्या आसपास तर ज्येष्ठांना घेऊन जाऊच नका, भाडेही तेव्हा सर्वांत चढे असते. लक्षद्वीपची सफर सुंदर आहे, पण तिथे जहाज बाहेर खोल पाण्यात नांगरतात आणि छोट्या होडीतून बेटावर जावे लागते. हलत्या होडीत पाय टाकणे सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपणार नाही. लाट जास्त असेल तर उतरवतही नाहीत.

महिन्याचे उत्तर सोपे आहे. जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर मोसमी वारे असतात, अरबी समुद्र खवळलेला असतो, तेव्हा इथल्या सफरी बंद असतात. मे महिन्याच्या उत्तरार्धातच लाट वाढू लागते. मे २०२१ मध्ये तौक्ते आणि जून २०२३ मध्ये बिपरजॉय ही चक्रीवादळे याच काळात आली होती. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येही एखादे वादळ होऊ शकते. सर्वांत शांत समुद्र डिसेंबर ते फेब्रुवारीत. संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते, घरातले कोणी तेव्हा गाव सोडणार नाही, आणि मार्चमध्ये मुलांच्या परीक्षा. म्हणजे तुमच्यासाठी जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. दोन दिवसांची शाळा बुडेल, बुडू द्या. त्या बदल्यात भाडे कमी आणि पाणी शांत मिळते.

आता बंदरापर्यंतचा रस्ता. इथे आपण मुंबईच्या माणसापेक्षा वेगळे आहोत. त्याची टॅक्सी अडकली तर तो लोकल पकडतो. आपण साडेचारशे किलोमीटरवरून येतो, मध्ये बोरघाट आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेस रात्री सुटून सकाळी सीएसएमटीला पोहोचवते, जहाजाची तपासणी दुपारी सुरू होते. कागदावर वेळ भरपूर दिसतो. वंदे भारत सकाळी सहाच्या सुमारास निघून साडेबाराच्या आसपास पोहोचते, तेही जमेल असे वाटते. तरीही मी कुणालाच जहाज सुटण्याच्या दिवशी सोलापुरातून निघू देत नाही. आदल्या दिवशी वंदे भारतने जा, फोर्ट किंवा सीएसएमटीच्या परिसरात मुक्काम करा. सोलापूरहून गुरुवारी वंदे भारत नसते, ते आधी पाहून घ्या. क्रूझ टर्मिनल सीएसएमटीपासून टॅक्सीने दहा-पंधरा मिनिटांवर, बॅलार्ड पिअर भागात आहे. आपल्या गाडीचे शेवटचे स्थानक आणि धक्का इतके जवळ असणे ही सोलापूरकरांची मोठी सोय आहे. मुक्कामाचे चार-पाच हजार रुपये वाचवायला जाऊन अख्खी सफर गमावलेले लोक मी पाहिले आहेत.

जहाज खरेच थांबत नाही, आणि त्यात कंपनीचा आडमुठेपणा नसतो. बंदरातून बाहेर काढायला वाट दाखवणारा बंदराचा पायलट आणि जहाज ओढणाऱ्या टग बोटी ठरलेल्या वेळी मागवलेल्या असतात, धक्क्याची वेळ ठरलेली असते, पुढच्या बंदरातली जागाही तासाच्या हिशेबाने राखलेली असते. शिवाय सुटण्याच्या तास-दोन तास आधी तपासणी बंद होते, कारण प्रवाशांची अंतिम यादी द्यावी लागते. तिकिटावर दोन वेळा लिहिलेल्या असतात. त्यातली चढण्याची शेवटची वेळ पाहा, सुटण्याची नव्हे. ऑनलाइन चेक-इन घरूनच करून प्रिंट काढा. आधारवरचे नाव आणि तिकिटावरचे नाव अक्षरशः सारखे हवे.

सिंगापूरचे ठरले तर तयारी सहा महिने आधी सुरू होते. पासपोर्टची मुदत परत येण्याच्या तारखेनंतर किमान सहा महिने शिल्लक हवी. मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो. थोरल्याचा काढलेला असेल तर तारीख पाहा, कारण मोठ्यांच्या दहा वर्षांच्या हिशेबात लोक मुलांचा संपलेला विसरतात. अर्ज आणि कागद तपासणीसाठी आता पुण्याला जायची गरज नाही, सोलापुरात पोस्टातच पासपोर्ट सेवा केंद्र आहे. सासूबाईंच्या पासपोर्टाकडे जास्त लक्ष द्या. आपल्याकडच्या ज्येष्ठ बायकांच्या कागदांवर कुठे माहेरचे नाव, कुठे सासरचे, कुठे आडनावच नाही, असा घोळ फार असतो. आडनावाचा रकाना रिकामा असलेला पासपोर्ट पुढे विमानाच्या तिकिटापासून व्हिसापर्यंत सगळीकडे अडतो.

सिंगापूरचा व्हिसा अधिकृत एजंटामार्फत होतो. जहाज सिंगापूर सोडून मलेशिया किंवा थायलंडला जाते आणि परत सिंगापूरला येते, म्हणून व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा आहे याची खात्री करा. मलेशियाने भारतीयांना २०२६ अखेरपर्यंत व्हिसामाफी दिली आहे. थायलंडचे नियम गेल्या काही वर्षांत अनेकदा बदलले, तेव्हा तिकीट काढताना आणि निघण्याआधी असे दोनदा पाहा. सिंगापूरचे आगमन कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचे असते, आणि क्रूझवरून पुन्हा सिंगापुरात उतरतानाही भरावे लागते. ते मोफत आहे. पैसे मागणारी संकेतस्थळे दिसली तर बंद करा.

विमान फक्त मुंबईहूनच पाहू नका. सोलापूरहून हैदराबाद सुमारे तीनशे किलोमीटर, रस्ता चांगला आहे, तिथून सिंगापूरला थेट विमाने आहेत. हैदराबादचे विमानतळ शमशाबादला, शहराच्या बाहेर असल्यामुळे मुंबईसारखे शहर ओलांडावे लागत नाही. मी ज्येष्ठांना नेताना बहुधा हाच मार्ग धरतो. इथेही जहाजाच्या आदल्या दिवशी सिंगापुरात पोहोचलेच पाहिजे.

केबिनबद्दल थोडे विस्ताराने, कारण एकदा चढल्यावर ती बदलून मिळेलच असे नाही. आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि सूट असे चार प्रकार. सहा जणांसाठी दोन केबिन घ्या: एकीत तुम्ही चौघे, दुसरीत सासू-सासरे, शेजारीशेजारी, मध्ये दार असलेल्या मिळाल्या तर फारच उत्तम. एका केबिनमध्ये तिसऱ्या-चौथ्या माणसाचे भाडे पहिल्या दोघांपेक्षा कमी असते, तिथे पैसे वाचतात. वाचलेले पैसे सासू-सासऱ्यांच्या केबिनवर खर्च करा, तुमच्या नव्हे. मुले केबिनमध्ये फक्त झोपायला येतात. वडीलधारी माणसे मात्र दुपारभर तिथेच असतात, त्यांना निदान खिडकी हवीच. आतल्या केबिनमध्ये दिवस-रात्र कळत नाही आणि त्यानेही काहींना गुदमरल्यासारखे होते.

जागा निवडताना जहाजाचा नकाशा उघडा. जहाज तराजूच्या दांडीसारखे टोकांना जास्त आणि मध्यावर कमी हलते, म्हणून मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्या. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा शांत. डोक्यावर पोहण्याचा तलाव किंवा भटारखाना असेल तर पहाटे खुर्च्या आणि भांडी ओढल्याचा आवाज येतो. खाली नाट्यगृह किंवा डिस्को असेल तर रात्री झोप नाही. अगदी पुढच्या टोकाला नांगराच्या साखळीचा आणि धक्क्याला लागताना यंत्रांचा आवाज. लिफ्ट जवळ असावी, समोर नसावी. न्हाणीघराच्या दाराशी उंच उंबरा असतो, तो सासूबाईंना पहिल्याच दिवशी दाखवा. रात्री अडखळून पडणारे बहुतेक तिथेच पडतात. आणि ‘अंशतः अडलेले दृश्य’ असे लिहिलेले असेल तर खिडकीसमोर जीवरक्षक नौका टांगलेली आहे असे समजा.

डावी बाजू की उजवी? मुंबईहून गोव्याकडे जाताना किनारा डाव्या हाताला आणि सूर्यास्त उजव्या हाताला. येताना उलट. मला विचाराल तर जातानाची उजवी बाजू.

पैशांचे. जाहिरातीतला आकडा हा दोघांनी एक केबिन वाटून घेतली तर एका माणसाचा, आणि तो बहुधा कर सोडून असतो. त्यावर बंदर शुल्क, जीएसटी आणि सेवाशुल्क येते. परदेशी जहाजांवर बक्षिशीच्या नावाने प्रत्येकाला, मुलांनासुद्धा, दर दिवशी साधारण १५ ते २० डॉलर लागतात, आणि ते आपोआप खात्यात पडतात. सहा माणसांचे चार रात्रींचे हे किती होतात ते आताच मांडून पाहा. शिवाय शीतपेये, बाटलीबंद पाणी, वेगळ्या हॉटेलांतले जेवण, फोटो, इंटरनेट, किनाऱ्यावरच्या सहली. मी घरच्यांना सांगताना जाहीर भाड्यावर आणखी तिसरा हिस्सा धरायला सांगतो, त्यात रेल्वे-विमान वेगळे. एजंटाला एकच प्रश्न लेखी विचारा: यात काय नाही? परदेशी पॅकेजवर टीसीएस म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतला जाणारा आगाऊ कर कापतात, त्याची पावती जपून ठेवा, तो विवरणपत्र भरताना तुमच्या करात वळता होतो.

जहाजावर रोख चालत नाही. केबिनची किल्ली असलेले कार्डच खर्चाचे खाते असते, ते तुमच्या क्रेडिट कार्डाला जोडतात. डेबिट कार्ड जोडू नका, अनामत म्हणून रक्कम अडवून ठेवतात आणि ती मोकळी व्हायला दिवस लागतात. मुलांच्या कार्डावरची खरेदी पहिल्याच दिवशी स्वागतकक्षातून बंद करून घ्या. आणि फोन: किनारा दूर गेला की मोबाइल आपोआप जहाजावरच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जातो, त्याचे दर नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये बसत नाहीत. चढल्यावर फ्लाइट मोड लावा, लागले तर जहाजाचे वाय-फाय विकत घ्या. गावाकडच्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, म्हणजे तिकडे जीव टांगणीला लागत नाही.

बोट लागण्याचे कारण साधे आहे. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, आणि डोळ्यांना समोरची भिंत स्थिर दिसते. मेंदूला या दोन बातम्यांचा मेळ लागत नाही. म्हणून मळमळ सुरू झाली की केबिनमध्ये डोके धरून पडू नका. वर डेकवर या, वारा घ्या, क्षितिजाकडे बघत राहा. मोबाइल आणि पुस्तक बंद. पोट रिकामे ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. कोरडी बिस्किटे, सफरचंद, आलेपाक चालतो. मोठ्या जहाजांना पोटाखाली दोन्ही बाजूंनी पंखांसारख्या पट्ट्या असतात, त्या हेलकावे बरेच कमी करतात. जानेवारीत मुंबई-गोवा मार्गावर बहुतेकांना काही जाणवतही नाही. घरात ज्याला घाटात गाडी लागते, त्याला बोट लागण्याची शक्यता जास्त, त्याची तयारी करा.

औषध मळमळ सुरू झाल्यावर घेतले तर फारसा उपयोग नाही, आधी घ्यावे लागते. अ‍ॅव्होमिन सगळ्यांना माहीत असते, त्याने झोप येते, तोंड कोरडे पडते. पण ज्येष्ठांना ते स्वतःच्या मनाने देऊ नका. प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर अशा औषधांनी तो वाढू शकतो. सासऱ्यांच्या डॉक्टरांना आणखी एक गोष्ट नक्की विचारा, कारण ती कुणी विचारत नाही: इन्सुलिन घेतले आणि मग उलट्या झाल्या, जेवण पोटात टिकले नाही, तर काय करायचे? अशा वेळी साखर झपाट्याने उतरते. डोस कसा बदलायचा, किती वेळाने साखर तपासायची, हे कागदावर लिहून घ्या. ग्लुकोमीटर, ग्लुकोज पावडर, बिस्किटे त्यांच्या उशाशी. इन्सुलिन, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी कायम हातातल्या पिशवीत. जहाजावर मोठ्या बॅगा आधी घेतात आणि त्या केबिनपाशी यायला कधी रात्र होते. विमानात तर सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठू शकते. वापरलेल्या सुया टाकायला केबिन साफ करणाऱ्याकडून बंद डबा मागून घ्या.

विमा काढाच, सिंगापूरसाठी तर त्याशिवाय निघू नका. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी डॉलरमध्ये आणि मोठी असते, आणि घरचा आरोग्यविमा परदेशी समुद्रात सहसा लागू होत नाही. पॉलिसीत क्रूझ आणि आजारी माणसाला किनाऱ्यावर हलवण्याचा खर्च हे दोन्ही शब्द शोधा. मधुमेह लपवू नका. लपवला तर दावा फेटाळतात, मग हप्ता भरून उपयोग काय?

जेवणाची काळजी सर्वांत जास्त करता, आणि तीच सर्वांत कमी करावी. मुंबईच्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवण व्यवस्थित मिळते. सिंगापूरच्या जहाजांवरही भारतीय प्रवासी इतके असतात की भारतीय शाकाहारी पदार्थ असतातच. फक्त बुकिंग करतानाच कळवा आणि पहिल्या रात्री जेवणाच्या हॉलच्या प्रमुखाला भेटून दुसऱ्या दिवसाचे सांगा. ज्वारीची भाकरी मिळणार नाही. घरी केलेले धपाटे, भाजी, लोणचे जहाजावर नेऊ देत नाहीत, कारण अन्नातून बाधा झाली तर हजारो माणसांना होते. कंपनीने बंद केलेली पाकिटे बहुधा चालतात: शेंगाचटणीचे सीलबंद पाकीट, राजगिऱ्याचे लाडू, उपवासासाठी वेफर्स. ते जहाजावरच खा, परदेशी बंदरात उतरवू नका. किनाऱ्यावर मात्र सावध राहा. मलेशिया-थायलंडमध्ये भाजीतही माशाचा सॉस किंवा सुक्या कोळंबीचा गोळा घालतात, आणि विक्रेता मनापासून ‘व्हेज’ म्हणतो. मलेशियातल्या पेनांगला जहाज जॉर्ज टाउनमध्ये शहराला लागूनच उभे राहते, तिथल्या लिटल इंडियात शाकाहारी भारतीय खाणावळी आहेत.

सासूबाईंच्या पूजेबद्दल तुम्ही विचारले नाही, पण सांगतो. केबिनमध्ये उदबत्ती, कापूर, निरांजन काहीच लावता येत नाही. समुद्रात आगीइतके भय दुसऱ्या कशाचे नसते. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, किटली याच कारणाने काढून घेतात. बाल्कनीतून किंवा डेकवरून नारळ, फुले, निर्माल्य, नाणी समुद्रात टाकणेही बंद आहे. जहाजावरून समुद्रात काही टाकण्याविरुद्ध मार्पोल हा आंतरराष्ट्रीय करार आहे. घरीच त्यांना समजावून सांगा, म्हणजे तिथे परक्या माणसाने टोकल्याचे त्यांना वाईट वाटणार नाही. फोटो ठेवून हात जोडायला कुणाची हरकत नसते.

चढल्याबरोबर सुरक्षेची कवायत असते. लोक ती टाळतात, बाथरूममध्ये जाऊन बसतात. कृपा करून असे करू नका. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटले आणि ३२ माणसे गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती, कारण तेव्हा ती २४ तासांच्या आत घेतली तरी चालत असे. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घ्यावी लागते. सात आखूड भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा मुलांना पाठ करायला लावा. जमायची जागा केबिनच्या दारामागे लिहिलेली असते. तिथपर्यंत जिन्याने एकदा चालून जा, कारण अशा वेळी लिफ्ट वापरायची नसते. सासूबाईंना जिना उतरायला किती वेळ लागतो तेही तेव्हाच कळेल, आणि त्यांना मदत लागेल हे स्वागतकक्षात नोंदवून ठेवा. बाल्कनी घेतली तर खुर्च्या कठड्यापासून लांब ठेवा. तलावावर जीवरक्षक असेलच असे नाही, धाकट्याच्या जवळ तुमच्यापैकी एकजण हवाच. तलावात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे पोहण्याचे कपडे सगळ्यांसाठी घ्या. बाकी जहाजभर एसी इतका असतो की आपल्या उन्हाची सवय असलेल्या माणसांना थंडी वाजते, शाली न्या. जेवणाआधी हात साबणानेच धुवा. नोरोव्हायरस नावाचा उलट्या-जुलाबांचा विषाणू जहाजावर झपाट्याने पसरतो, आणि सॅनिटायझरने तो नीट मरत नाही.

गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागते. हातात सहा-सात तास असतात. कळंगुट-बागाचा हट्ट धरला तर त्यातले निम्मे रस्त्यात जातील. तुमच्या घराला मंगेशी, शांतादुर्गा आणि परतताना जुने गोवे एवढे पुरे. जहाजाकडून घेतलेली सहल महाग पडते, पण तिला उशीर झाला तर जहाजवाले त्या गाडीची जबाबदारी घेतात. स्वतःच्या टॅक्सीने गेलात तर चढण्याच्या शेवटच्या वेळेआधी एक तास धक्क्यावर असा. गोव्यातच उतरून घरी यायचे असेल तर लक्षात घ्या, मुरगाव दक्षिणेकडे आहे आणि सोलापूरच्या विमानाचे मोपा विमानतळ गोव्याच्या उत्तर टोकाला.

सिंगापूरहून जाताना मे महिन्यातही मलाक्काची सामुद्रधुनी शांत असते, कारण एका बाजूला सुमात्रा आणि दुसऱ्या बाजूला मलेशिया आडवे आहेत. म्हणून उन्हाळी सुट्टीसाठी पेनांग आणि पोर्ट क्लांगचा मार्ग बरा. थायलंडमधल्या फुकेतला बऱ्याच सफरींत जहाज पातोंगच्या किनाऱ्यासमोर नांगरून होड्यांतून उतरवतात. मे ते ऑक्टोबर तिथे लाट असते आणि सासूबाईंचा प्रश्न पुन्हा येतो. फुकेतची दुसरी अडचण घड्याळाची. थायलंड सिंगापूरच्या एक तास मागे आहे. किनाऱ्यावर पाय ठेवताच फोनमधली वेळ आपोआप एक तास मागे जाते, जहाज मात्र बहुधा स्वतःच्या वेळेवर चालते. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि त्याच्यावरच विश्वास ठेवा. पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर जायला तासभर, यायला तासभर, वाहतूक वेगळी. बाटू लेण्यांना २७२ पायऱ्या आहेत. सासूबाईंनी खालूनच मुरुगनाची उंच मूर्ती पाहावी, ती खालूनच जास्त चांगली दिसते.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायला सांगतात, त्या सकाळी धक्क्यावर मिळतात. घाईत लोक सगळे कपडे भरून टाकतात आणि सकाळी रात्रीच्या कपड्यांत उरतात. एक जोड कपडे, चपला, औषधे, आधार किंवा पासपोर्ट आणि चार्जर बाहेर काढून मगच बॅगेची चेन ओढा. त्याच रात्री खात्याचा हिशेब मागून वाचा. न घेतलेली शीतपेये किंवा फोटो लागले असतील तर सकाळच्या रांगेपेक्षा तेव्हाच मिटतात. सिंगापूरला उतरल्यावर विमान दुपारनंतरचे घ्या. मुंबईला जहाज सकाळी लागले तरी सगळे बाहेर पडेपर्यंत अकरा वाजतात, म्हणून परतीला दुपारी चारच्या सुमाराची वंदे भारत योग्य. फक्त ती बुधवारी सीएसएमटीहून सुटत नाही. त्या दिवशी उतरणार असाल तर रात्रीच्या सिद्धेश्वरची तिकिटे काढा आणि दिवसभरासाठी एक खोली घ्या, सासऱ्यांना दुपारी पाठ टेकता येईल आणि जेवण-इन्सुलिनची वेळही चुकणार नाही.